सुईच्या मागचं बोट

शिवणाचा डबा उघडला की रिळं, बटणं, टेप, खडू, टाचण्या यांच्या तळाशी ते कुठे तरी सापडतं. बारीक खळगे पाडलेली, बोटाच्या पेराएवढी धातूची टोपी. अंगुस्तान. पुष्कळ घरांत ते मुद्दाम आणलेलंही नसतं. सुयांच्या संचाबरोबर आलेलं असतं. कुणी तरी ते एकदा बोटावर चढवून बघतं, दोन टाके घालतं आणि ‘छे, हे मध्येच येतंय’ म्हणत काढून ठेवतं. पुढे त्यात एखादं सुटं बटण नाहीतर ब्लाउजचे हुक राहायला येतात.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला रुमालावर धावदोरा, टीप, साखळीटाका आणि काजटाका शिकलेल्या पिढ्या आपल्याकडे आहेत. त्यांतल्या फारच थोड्यांना अंगुस्तान कसं वापरायचं हे कुणी दाखवलं असेल. टाके शिकवले जातात. सुई ढकलायची कशी, हे ज्याने त्याने आपापलं बघून घ्यायचं असतं. या पुस्तकात ते प्रकरण टाक्यांच्या आधी आलं आहे ते मुद्दाम.

आधी एक समजूत दूर करायला हवी. अंगुस्तान म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं चिलखत, असं आपण धरून चालतो. आता सुई हातात घेऊन बघा. उजव्या हाताने शिवणाऱ्याच्या सुईचं टोक उजव्या हातापासून दूर जातं. ते टोचतं कुणाला? कापडाखाली आधाराला धरलेल्या डाव्या हाताच्या बोटाला. अंगुस्तान तर उजव्या हातात! टोचण्यापासून वाचायचं असतं, तर ते डाव्या हातात घातलं असतं. (गोधडीसारखं जाड काम करणाऱ्या काही जणी डाव्या हातालाही काही तरी गुंडाळतात, ते याचसाठी. पण ती गोष्ट वेगळी.) अंगुस्तान सुईच्या टोकासाठी नाही, नेढ्यासाठी आहे. त्याचं काम ढकलण्याचं. चिलखत समजून घातलं तर ते अडगळच वाटणार, आणि वाटतंच.

नेढ्याकडची बाजू बोथट असते असं आपण म्हणतो, पण ती बोथट टोकाच्या तुलनेत. साध्या सुईचा नेढ्याकडचा शेवट फार तर अर्धा चौरस मिलिमीटर भरेल. जीन्सची दुमडलेली कड किंवा जरीचा काठ यांतून सुई पार करताना तिच्यावर एक किलो वजनाइतका जोर पडला असं धरू. तेवढा जोर अर्ध्या चौरस मिलिमीटरवर म्हणजे चौरस सेंटिमीटरला २०० किलो. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला दोन-अडीच किलो असतो. त्याच्या ऐंशी-शंभर पट दाब बोटाच्या मऊ पेरावर, आणि तोही दर टाक्याला. बोटात नेढं रुततं, खळगा पडतो, कातडं सोलवटतं, शेवटी तिथे घट्टा पडतो. मध्ये धातू आला की तोच एक किलो जोर बोटाच्या सगळ्या पेरावर पसरतो. दोन चौरस सेंटिमीटर जागा धरली तर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो. हिशेब चारशे पटींचा आहे.

हा फरक बोट दुखण्या-न दुखण्यापुरता राहत नाही. बोट दुखायला लागलं की माणूस नकळत ढकलायचं सोडतो आणि चिमटीने ओढायला लागतो. सुईचं टोक थोडं वर आलं की ते नखांनी पकडायचं, ओढायचं, पुन्हा मागे यायचं. टाके लांब-आखूड पडतात, सुई वाकते, चिमटीत घाम येतो, घामट सुई घसरते. हातशिलाईला ‘वेळखाऊ’ म्हणतात. तिचा निम्मा वेळ टाक्यात जात नसून या धरपकडीत जातो, असं माझं मत आहे.

पृष्ठभागावरचे खळगे शोभेचे नसतात. गुळगुळीत धातूवर नेढं टेकवलं तर ते लगेच घसरेल. खळग्यात ते बसतं आणि जोर देईपर्यंत हलत नाही. अंगुस्तान विकत घेताना पहिलं बघायचं ते हे. खळगे खोल आणि दाट हवेत. नुसते ठिपके उमटवलेलं, मुलाम्याने भरून गेलेलं अंगुस्तान दिसायला छान असतं, कामाला शून्य.

आता बोट कोणतं? सवयीने सगळे ते तर्जनीवर चढवतात. तर्जनी मोकळी असती तर हरकत नव्हती, पण ती आणि अंगठा मिळून सुई धरतात. सुई धरायची दोघांनी, तिला दिशा द्यायची त्याच दोघांनी, मग मागून ढकलायला उरतं मधलं बोट. ते सगळ्यांत लांब, त्यामुळे वाकवलं की बरोबर सुईच्या मागे येतं. अंगुस्तान मधल्या बोटाचं आहे. हे एवढं कळलं तरी ‘मध्येच येतंय’ ही तक्रार बरीच कमी होते, कारण मधल्या बोटाला शिवणात एरवी काही काम नसतं.

अंगुस्तानाच्या दोन मुख्य जाती. एक वरून बंद, टोपीसारखं. दुसरं दोन्हीकडून उघडं, रुंद अंगठीसारखं. बंद प्रकार घरगुती शिवणात आणि बायकांच्या कपड्यांच्या कामात रुळला. उघडं अंगुस्तान कोट शिवणाऱ्या शिंप्यांचं. शिंपी बोटाच्या शेंड्याने ढकलत नाहीत. नखाच्या बाजूला जी कड असते तिने ढकलतात. त्यामुळे वरचं झाकण त्यांना लागत नाही. उलट बोटाचा शेंडा उघडा राहिला की कापडाचा पोत हाताला कळत राहतो, आणि गर्मीत बोट घामेजत नाही. आपल्या हवेत हा दुसरा फायदा लहान नाही. नखं वाढवलेल्यांनाही उघडंच बरं पडतं.

लंडनच्या सॅव्हिल रो या गल्लीत पुरुषांचे सूट मापाबरहुकूम आणि बऱ्याच अंशी हाताने शिवले जातात. तिथे उमेदवारीला आलेल्या पोराला आधी कापड मिळत नसे. त्याचं मधलं बोट अंगुस्तानासकट वाकवून पट्टीने बांधून टाकत, कारण नवशिक्याचं बोट सारखं सरळ होत राहतं. बांधलेल्या बोटाने रिकामी सुई चालवायची, बोट आपोआप वाकलेलं राहू लागेपर्यंत. ऐकायला जाच वाटतो, पण घरी करून बघण्यासारखा आहे. मऊ कापडाची बोटभर रुंद पट्टी घ्या, मधलं बोट दुसऱ्या सांध्यात वाकवा आणि पट्टी सैलसर गुंडाळा. बोट सरळ करायला गेलं की पट्टी आठवण करून देते. रक्त अडेल इतकी घट्ट बांधू नका, आणि एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटं पुरे.

आमच्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांच्या दुकानात नवीन पोराला दिलेला धडा मी ऐकला आहे. पोरगं म्हणालं, “मास्तर, हे सारखं घसरतंय.” मास्तर हातातल्या कोटावरून नजर न काढता म्हणाले, “घसरत नाही रे. तू शेंडा लावतोयस. कड दे, कड.” पोराने बोट थोडं आडवं केलं. “आता सुई बोटावर बसली का? बसली की मग कापडाला लाव. आधी नाही.” पुढे मास्तरांनी कात्री मागितली आणि धडा संपला.

त्या दोन वाक्यांत जवळजवळ सगळं आलं आहे. नवशिका आधी सुई कापडात खुपसतो, अडली की मग अंगुस्तान शोधतो. क्रम उलटा हवा. सुई अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा, टोकापासून तिसऱ्या हिश्शावर. मधलं बोट वाकवून नेढं अंगुस्तानाच्या खळग्यात टेकवा. सुई आता तीन ठिकाणी धरलेली आहे, दोन्ही बाजूंनी आणि मागून. मग टोक कापडाला लागू द्या आणि जोर फक्त मागून द्या. चिमटीने दिशा तेवढी सांभाळायची. सुई अर्ध्याहून जास्त आत गेली की चिमटी सोडा, मागून ढकलणं चालू ठेवा. समोर टोक पुरेसं बाहेर आलं की तीच चिमटी पुढे जाऊन सुई काढून घेते. परत येताना नेढं पुन्हा खळग्यात. सुई बोटावर बसते तेव्हा नखाला हलकं ‘टिक्’ असं जाणवतं. ते जाणवल्याशिवाय ढकलायचं नाही, हा नियम सुरुवातीला पाळावा.

सरावाला दोरा ओवू नका. दोरा आला की लक्ष टाक्याच्या सरळपणाकडे जातं, गाठीकडे जातं, गुंत्याकडे जातं. जुन्या सुती चादरीचा तुकडा दुहेरी दुमडून त्यावर रिकामी सुई चालवा. ओळ वाकडी गेली तर जाऊ दे. शिकायची गोष्ट बोटाची आहे. त्याच्याही आधी एक बिनकष्टाची पायरी आहे. अंगुस्तान बोटात घालून तासभर घरातली दुसरी कामं करा. शेंगा सोला, फोन घ्या, पेपर वाचा. बोटाला वस्तूचं ओझं वाटायचं थांबलं की मग शिवायला बसा. चष्मा नवा असताना तो नाकावर जाणवतो, तसंच हे.

जोर सुईच्या रेषेतच जायला हवा. नेढ्यावर तिरका दाब पडला की बारीक सुई वाकते किंवा नेढ्यापाशी तुटते. तुमच्या सुया वारंवार वाकत असतील तर सुईला दोष देऊ नका. मनगट उचललेलं असतं, कोपर अंगापासून लांब असतं, आणि मधलं बोट बाजूने ढुशी मारत असतं. कापड मांडीवर किंवा टेबलावर टेकवून, कोपर अंगाजवळ घेतलं की रेषा आपोआप सरळ होते. शिंपी मांडी घालून बसायचे ते उगाच नव्हे. गुडघा म्हणजे त्यांचं टेबल.

सुईची निवडही इथेच सांगून टाकते. सुयांचे नंबर उलटे चालतात. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. पाच नंबरची जाड, दहा नंबरची केसासारखी. लांबीही बघायची. अंगुस्तानाने शिवणाऱ्याला आखूड सुई सोयीची, कारण ढकलणाऱ्या बोटापासून टोकापर्यंतचं अंतर कमी राहिलं की टाका लहान आणि हुकमी पडतो. कोट शिवणारे आणि बारीक रजईकाम करणारे आखूड सुयाच पसंत करतात. ओढून शिवणाऱ्याला मात्र लांब सुई लागते, पकडायला जागा हवी म्हणून. तुमच्या डब्यातल्या सगळ्या सुया लांब असतील तर शिवायची पद्धत कोणती, ते त्यावरूनच कळतं.

हे सगळं एका खऱ्या कामात बघू. साडीला फॉल लावणं हे मराठी घरांतलं हातशिलाईचं शेवटचं मोठं ठाणं. चाळीत, सोसायटीत, ‘येथे फॉल-बिडिंग करून मिळेल’ ही पाटी अजून दिसते. फॉल आधी पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचा. नाही तर तो पहिल्या धुण्यात आटतो आणि साडीचा काठ चुण्या पडून वर येतो. खोचायच्या टोकाकडून वीतभर सोडून तो आतल्या बाजूने काठाला लावायचा. खालची कड मशीनवर मारली तरी चालते. वरची कड हातानेच, कारण साडीच्या उजव्या बाजूला टाका दिसता कामा नये. सुईने साडीचे एक-दोन धागेच उचलायचे, लगेच फॉलच्या दुमडीतून बाहेर यायचं.

तीन मीटरचा फॉल आणि अर्ध्या सेंटिमीटरला एक टाका, म्हणजे एका कडेचे ६०० टाके. दोन्ही कडा हाताने केल्या तर १२००. साधी सुती किंवा शिफॉनची साडी असेल तर सुई लोण्यातून जाते, उघड्या बोटानेही निभतं. पैठणीला हात घातला की चित्र बदलतं. जरीच्या काठात धातूचा मुलामा असलेला धागा दाट बसलेला असतो. तिथे दहा नंबरची सुई करकरत जाते. ढकलायला धातू नसेल तर बाई नखाच्या कडेने ढकलते आणि संध्याकाळपर्यंत नखाला चरा पडलेला असतो. अंगुस्तान मात्र इथे तपासून घ्यायचं. त्याच्या खालच्या कडेवर बोट फिरवा. कुठेही खरखर लागली, पत्र्याचा काटा जाणवला, तर रेशमाचा धागा त्यात अडकून ओढला जाणार. अशी कड बारीक पॉलिश पेपरने घासून घ्यावी, नाहीतर ते अंगुस्तान गोणपाटाच्या कामाला ठेवावं.

गोधडीचं गणित निराळं. जुन्या लुगड्यांचे, साड्यांचे चार-पाच थर एकावर एक पसरायचे आणि सगळ्यांतून धावदोरा घालत जायचा. जोर टाक्यागणिक लागतो आणि काम दिवसेंदिवस चालतं. जाणती बाई सुई एका टाक्याला एकदा अशी ढकलत नाही. सुई जागच्या जागी धरून डाव्या हाताने कापड वर-खाली करत चार-पाच टाके सुईवर चढवते आणि मग एकदम ढकलते. त्या एका ढकलण्यात सगळा जोर एकवटलेला असतो. गावाकडे त्यासाठी बोटाला चिंधी गुंडाळतात, चामड्याचा तुकडा बांधतात, बरेचदा काहीच नसतं आणि बोटाला घट्टा पडलेला असतो. घट्टा हेही एक अंगुस्तानच, पण ते तयार व्हायला फार दुखतं. गोधडीच्या बैठ्या, लांब कामाला धातूपेक्षा चामड्याचं अंगुस्तान मला बरं वाटतं. ते बोटाचा आकार घेतं, तासन्तास घातलं तरी जड होत नाही. नेढं चामड्यात रुतून काही महिन्यांनी भोक पडतं, तेव्हा नवं करायचं. जुन्या पाकिटाच्या चामड्यातून दोन निघतात.

सुईवर टाके चढवत जाण्याची ही युक्ती जपानी शिवणाने पार शास्त्राच्या पातळीला नेली आहे. तिथे सुई जवळजवळ स्थिर राहते आणि दोन्ही हात कापड वर-खाली हलवत राहतात. किमोनो शिवणारे जे अंगुस्तान वापरतात ते अंगठीसारखं असतं आणि मधल्या बोटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या सांध्याच्या मध्ये घालतात. त्याला ‘युबिनुकी’ म्हणतात. नेढं बोटाच्या शेंड्यावर न टेकता मधल्या पेरावर टेकतं. कानाझावा शहराच्या परिसरात हे युबिनुकी रंगीत रेशमी दोऱ्यांनी गुंडाळून असे देखणे करतात की ते वापरायला जीव होत नाही. साशिको या जाड सुती भरतकामात सुई आणखी लांब. तिथे बोटाच्या मुळाशी अंगठी आणि तिला जोडलेली खळगेदार चकती तळहातावर येते, म्हणजे सुई तळहाताने ढकलायची. जहाजांची शिडं शिवणारे युरोपीय कारागीरही तळहातच वापरत. हाताभोवती चामड्याचा पट्टा, त्यात अंगठ्याच्या मुळाशी बसवलेली धातूची चकती, आणि तिच्या जोरावर कॅनव्हासच्या थरांतून तिधारी सुई. काम जितकं जाड, तितका ढकलण्याचा बिंदू बोटाच्या शेंड्याकडून मनगटाकडे सरकत जातो. बारीक काजं करणारा शेंड्याजवळ, कोटवाला नखाच्या कडेवर, किमोनोवाला मधल्या पेरावर, शिडवाला तळहातावर. तुम्हाला अंगुस्तान जमत नसेल तर कदाचित तुमच्या कामाचं अंगुस्तान तुमच्या हातात नाही.

इतिहास थोडक्यात, कारण तो धातूचा इतिहास आहे. युरोपात अंगुस्तानांचं मोठं केंद्र होतं जर्मनीतलं न्यूरेम्बर्ग. तिथे हा स्वतंत्र धंदा होता, त्याचे कारागीर वेगळे होते. पंधराव्या शतकातल्या तिथल्या एका सचित्र वहीत अंगुस्तान करणारा कारागीर कामाला बसलेला दिसतो. पितळेचा पत्रा साच्यात ठोकून टोपी करायची आणि खळगे एकेक करून हाताने ठोकायचे. जुन्या अंगुस्तानांवर खळग्यांची ओळ गोल फिरत वर चढत जाते आणि मध्येच चुकते, त्यावरून हाताचं काम ओळखू येतं. मग जॉन लॉफ्टिंग नावाचा डच गृहस्थ इंग्लंडात आला. १६९३ मध्ये त्याने यंत्राने अंगुस्तानं बनवण्याचं पेटंट घेतलं आणि पुढे टेम्स नदीकाठच्या ग्रेट मार्लो इथे पाणचक्कीवर कारखाना चालवला. वर्षाला वीस लाखांच्या घरात अंगुस्तानं तिथून निघत असं सांगतात. याच गृहस्थाने आग विझवण्याच्या पंपाचंही पेटंट घेतलं होतं. लोकांच्या लक्षात कशामुळे राहावं हे शेवटी आपल्या हातात नसतं.

चांदीचं अंगुस्तान ही इंग्रजी घरांतली भेट द्यायची वस्तू. दिसायला सुरेख, पण चांदी मऊ आणि सुई पोलादी, त्यामुळे रोज वापरणारीच्या अंगुस्तानाला भोकं पडत. हॅलिफॅक्सच्या चार्ल्स हॉर्नर या जवाहिऱ्याने १८८४ मध्ये त्यावर तोड काढली. आत-बाहेर चांदी आणि मध्ये पोलादाचा थर, नाव ‘डॉर्कस’. ती अंगुस्तानं चांदीची दिसतात आणि पोलादाची चालतात. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या बायकांनी निकामी झालेली चांदीची अंगुस्तानं गोळा करून, वितळवून, त्या पैशांतून जखमी सैनिकांसाठी रुग्णवाहिका घेतल्या. मोनोपॉली या खेळात पटावर फिरवायच्या सोंगट्यांत पहिल्यापासून एक अंगुस्तान होतं. २०१७ साली लोकांची मतं घेऊन ते काढलं, आणि काही वर्षांनी लोकांच्याच मतांनी परत आलं.

आपल्याकडे या वस्तूने साहित्यात फारशी जागा मिळवलेली दिसत नाही. संत नामदेव शिंपी. गुरुग्रंथसाहिबातल्या त्यांच्या एका प्रसिद्ध पदात गज येतो, कात्री येते, सुई आणि दोराही येतात. अंगुस्तान येत नाही. ढकलणाऱ्याची आठवण कोण ठेवतो!

खरेदीविषयी. पुण्यात रविवार पेठेत, तुळशीबागेत, मुंबईत भुलेश्वर-दादरला शिवणसाहित्याच्या कोणत्याही दुकानात अंगुस्तान मिळतं, पण दुकानदार डब्यातून जे पहिलं हाताला लागेल ते देतो. ते घेऊ नका. चार-पाच मागून बोटात घालून बघा. बोट आत गेलं की शेंडा वरच्या झाकणाला हलका टेकायला हवा. हात खाली करून झटकला तर पडता कामा नये, आणि काढताना बोट लाल-निळं झालेलं असता कामा नये. संध्याकाळी आणि उन्हाळ्यात बोटं थोडी सुजलेली असतात, सकाळी आणि थंडीत बारीक. त्यामुळे दुपारनंतर माप बघावं. थोडं सैल असेल तर आत कापडी चिकटपट्टीचा एक तुकडा लावला की बसतं. ॲल्युमिनियमचं स्वस्त असतं पण त्यावर जाड सुईने भोक पडतं. पितळेचं टिकतं, मात्र घाम येणाऱ्या बोटावर हिरवा डाग उमटवतं. आतून नेलपॉलिशचा हात दिला की थांबतो. निकेलचा मुलामा दिलेलं पोलादी अंगुस्तान रोजच्या कामाला सगळ्यांत बरं. रबराचं आणि सिलिकॉनचं अंगुस्तान सुई धरून ओढायला उपयोगी आहे, ढकलायला नाही. ते तर्जनीत घालून मधल्या बोटात धातूचं घातलं, तर दोन्ही कामं होतात. ॲलर्जी असलेल्या काहींना निकेलने खाज येते. त्यांनी चामड्याकडे वळावं.

बंद की उघडं, असं मला कुणी विचारलं तर नवशिक्याला मी बंदच देते. बोटाची कड वापरायची शिस्त यायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत शेंड्याने ढकललं तरी बंद टोपी सांभाळून घेते. हात बसला की उघडं घ्यावं. बहुतेक लोक नंतर बंदाकडे परत जात नाहीत.

शेवटी शिवणवर्ग आणि बचतगट चालवणाऱ्यांना एक विनंती. आपण शिवणयंत्रं वाटतो, कात्र्या वाटतो, प्रमाणपत्रं देतो. काजं, हेम, फॉल आणि गोधडी यांचं पोटापाण्याचं काम अजूनही हातानेच होतं, आणि ते करणाऱ्या बायका वर्षानुवर्षं उघड्या बोटाने सुई ढकलतात. पहिल्या दिवशी प्रत्येकीच्या मधल्या बोटाच्या मापाचं अंगुस्तान द्या, आणि पहिला आठवडा दोऱ्याशिवाय शिवून घ्या. याला यंत्राच्या खर्चाच्या तुलनेत जवळजवळ काहीच लागत नाही.